तटबंदी आणि भाऊबंदकी

इस्तंबूलला जाणारे बहुतेक लोक आया सोफिया आणि निळी मशीद पाहून परततात. मी ट्राम पकडून जुन्या शहराच्या पश्चिम टोकाला गेलो, थिओडोसियसचा तट बघायला. इंजिनियरची खोड, दुसरं काय!

इस्तंबूल म्हणजे पूर्वीचं कॉन्स्टॅन्टिनोपल, पूर्व रोमन साम्राज्याची राजधानी. हा तट इ.स. ४१३ च्या सुमारास उभा राहिला. आधी खंदक, मग बाहेरची भिंत आणि तिच्यामागे सुमारे १२ मीटर उंच, ५ मीटर जाड आतली भिंत. तिला ९६ बुरूज. बाहेरची भिंत सर केली तरी शत्रू आतल्या भिंतीच्या माऱ्यात सापडे. ४४७ साली भूकंपात ५७ बुरूज कोसळले आणि तिकडे अटिलाचे हूण साम्राज्यात घुसलेले. शहराने ६० दिवसांत तट दुरुस्त केला! तसा शिलालेखच आहे एका दरवाजावर. आमच्याकडे ६० दिवसांत नकाशेही मंजूर होत नाहीत.

६२६ साली आवार आणि इराणी मिळून आले, हात हलवत गेले. ७१७-१८ मध्ये अरबांनी वर्षभर वेढा घातला. ग्रीक आगीने त्यांची जहाजं जाळली, उरलेलं काम थंडीने आणि उपासमारीने केलं. मग बल्गार आले, रूस आले. तट हटला नाही.

मग शहर पहिल्यांदा पडलं कसं? भाऊबंदकीने! ११९५ मध्ये तिसऱ्या अलेक्सिअसने सख्ख्या भावाचे, सम्राट आयझॅकचे, डोळे काढून गादी बळकावली. आयझॅकच्या मुलाने पश्चिमेकडच्या धर्मयोद्ध्यांना दोन लाख मार्क चांदी कबूल करून मदतीला आणलं. त्याला गादी मिळाली, पण चांदी काही पुरी पडेना. शेवटी तो राजवाड्यातच मारला गेला. चिडलेल्या पाहुण्यांनी १२०४ च्या एप्रिलमध्ये गोल्डन हॉर्नच्या बाजूने, जिथे भिंत एकेरीच होती, जहाजांवरून शिड्या लावल्या आणि शहर लुटलं.

१२६१ मध्ये राजधानी परत मिळाली, रया मात्र परत आली नाही. ऑर्बन नावाचा तोफा ओतणारा कारागीर आधी सम्राटाकडेच आला होता. त्याला द्यायला खजिन्यात पैसे नव्हते, म्हणून तो सुलतान मेहमेदकडे गेला. १४५३ साली त्याच्याच तोफांनी तटाला भगदाडं पाडली. आत लढणारे होते सात हजारांच्या आसपास. तरीही शहर ५३ दिवस झुंजलं.

तट पाडला तोफांनी हे खरंच. पण मला विचाराल तर खरं भगदाड अडीचशे वर्षं आधीच पडलं होतं, आणि तेही आतून.