दहिवराचे छायाचित्र

डिसेंबर-जानेवारीत नागझिऱ्याच्या तळ्याकाठी पहाटे उभे राहिले, की गवताची पाती, कोळ्यांची जाळी, खिडकीच्या काचा असे सारे दवाने चिंब झालेले दिसते. १९७० साली अभयारण्य झालेले हे जंगल तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते. १९९९ पासून ते गोंदिया जिल्ह्यात आहे. विदर्भाच्या या पूर्व टोकाला थंडी चांगलीच पडते. तरीही इथल्या काचेवर उमटते ते दवच. थंड देशांत घराच्या खिडकीवर उमटणारी बर्फाची पानेफुले इथल्या मुलाने पाहिलेली नसतात.

पुस्तकात मात्र हिमस्फटिकाचे चित्र असते. सहा हात, सहाही अगदी एकसारखे. एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, “हे खरेच असे असते, की चित्रकाराने काढले आहे?” या प्रश्नाला हसण्यावारी नेऊ नये. हाच प्रश्न शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जाणकार शास्त्रज्ञांनी एकमेकांना विचारला होता, आणि तोही छायाचित्रे समोर ठेवून.

भिंगाखालची निराशा

हिमकणाला सहाच कोन का, पाच किंवा सात का नाहीत, असा प्रश्न योहान्नेस केप्लरने १६११ साली एका छोट्या पुस्तिकेत मांडला. समाधानकारक उत्तर त्याला मिळाले नाही. बर्फातील पाण्याचे रेणू षट्कोनी जाळीत रचलेले असतात हे कळायला विसावे शतक उजाडावे लागले.

१६६५ साली रॉबर्ट हूकचा ‘मायक्रोग्राफिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात त्याने गोठलेल्या पाण्याच्या आकृत्या काढल्या आहेत. हिमकणही त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. नुसत्या डोळ्यांना रेखीव दिसणारे ते कण भिंगाखाली ओबडधोबड दिसतात, असे त्याने नोंदवून ठेवले. जे दिसले ते लिहिले. सुंदर दिसायला हवे होते म्हणून सुंदर काढले नाही. ही नोंद आपण लक्षात ठेवू, कारण पुढचा वाद याच मुद्द्यावर झाला.

जेरिकोचा शेतकरी

विल्सन बेंटली याचा जन्म १८६५ साली अमेरिकेत व्हरमाँट राज्यातल्या जेरिको या खेड्यात झाला. आई पूर्वी शिक्षिका होती. तिनेच त्याला बरीच वर्षे घरी शिकवले आणि आपला जुना सूक्ष्मदर्शक त्याच्या हाती दिला. मुलगा हिमकण पाहून चित्रे काढू लागला. पण चित्र पुरे होण्याआधीच हिमकण विरघळून जाई. शेवटी वडिलांनी भात्याचा कॅमेरा घेऊन दिला. तो सूक्ष्मदर्शकाला जोडण्याची खटपट करत १५ जानेवारी १८८५ रोजी बेंटलीने हिमस्फटिकाचे पहिले छायाचित्र मिळवले. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले, म्हणजे काळाचा अंदाज येईल.

त्याची पद्धत साधी, पण कष्टाची होती. काळ्या पाटीवर हिमकण झेलायचे, श्वास रोखून भिंगातून निवडायचे, बारीक काडीने उचलून काचपट्टीवर ठेवायचे, पिसाने हलकेच सपाट करायचे. सारे काम गोठवणाऱ्या थंडीत, गरम न केलेल्या खोलीत. खिडकीवरचे दहिवर, गवतावरचे दव, दवाने लगडलेली कोळ्याची जाळी यांचीही त्याने छायाचित्रे घेतली.

येथे एक भेद सांगितला पाहिजे. वस्तू जेवढी आहे साधारण तेवढीच, किंवा थोडी मोठी, प्रतिमा पटलावर उमटवणे याला निकटछायाचित्रण म्हणतात. यालाच सध्या सर्रास ‘मॅक्रो’ म्हटले जाते. सूक्ष्मदर्शकातून कितीतरी पट मोठी प्रतिमा घेणे हे सूक्ष्मछायाचित्रण. खिडकीवरच्या नक्षीला पहिले पुरते. एकेकट्या हिमकणाला दुसरे लागते.

सुरीने खरवडलेली काच

बर्लिनमध्ये हवामानशास्त्रज्ञ गुस्टाव हेलमान यांनी रिचर्ड नॉयहाउस यांच्याकडून हिमस्फटिकांची छायाचित्रे काढून घेतली आणि १८९३ साली पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांतले बरेचसे स्फटिक वेडेवाकडे, तुटके, एका बाजूला वाढलेले होते. बेंटलीचे स्फटिक मात्र कमालीचे रेखीव. हेलमान यांनी आक्षेप घेतला, की बेंटलीने छायाचित्रांत हात घातला आहे.

आक्षेप निराधार नव्हता. पार्श्वभूमी काळी यावी म्हणून बेंटली काचेच्या निगेटिव्हवर स्फटिकाच्या कडेने सुरी फिरवून भोवतालचा थर खरवडून काढी. त्याच्या मते त्यामुळे स्फटिकाचे खरे रूप उठून दिसत असे. हेलमान यांच्या मते अशी सुरी फिरली, की कडा छायाचित्रकाराच्या हातची झाली. शिवाय बेंटली निवडही करत असे. झेललेल्या ढिगातून सुबक तेवढे घ्यायचे, बाकीचे सोडून द्यायचे. १९३१ साली हंफ्रीज या हवामानशास्त्रज्ञाबरोबर त्याचे पुस्तक निघाले. त्यात २,४०० हून अधिक छायाचित्रे होती. त्याच वर्षी २३ डिसेंबरला बेंटली वारला. पाठ्यपुस्तकांतल्या हिमकणाचे रूप ठरवण्यात या पुस्तकाचा वाटा मोठा आहे.

मग विद्यार्थ्याला काय उत्तर द्यायचे? असे स्फटिक खरोखर असतात, पण सगळे असे नसतात. पुस्तकात निवडलेले दाखवतात. चित्र खोटे नाही, प्रातिनिधिक मात्र नाही.

वादाला पुढची दिशा दिली ती जपानच्या होक्काइदो विद्यापीठातील उकिचिरो नाकाया यांनी. त्यांनी सुबक आणि बेढब असे सर्व प्रकार नोंदवून वर्गीकरण केले. १२ मार्च १९३६ रोजी त्यांनी थंड खोलीत सशाच्या केसावर कृत्रिम हिमस्फटिक वाढवला. तापमान आणि बाष्पाचे प्रमाण बदलले, की कधी सुई, कधी चकती, कधी फांद्यांची चांदणी तयार होते, हे त्यांनी दाखवले. म्हणजे बेढब कणही टाकाऊ नाही. तो कोणत्या हवेतून आला याची खूण त्याच्या अंगावर असते.

खिडकीवरच्या दहिवराला सहा हात का नसतात, हेही यावरून उमगते. घरातील दमट हवा शून्याखाली थंड झालेल्या काचेला भिडते आणि बाष्प काचेवरच गोठू लागते. स्फटिकाला सगळीकडे मोकळे वाढता येत नाही. काचेवरचा ओरखडा, धूळ, पुसताना राहिलेला साबणाचा अंश त्याची वाट ठरवतात. म्हणून त्यातून नेच्याच्या पानांसारखी नक्षी होते.

वेण्णा तलावाकाठी

महाराष्ट्रात दहिवर पाहायचे तर महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी. कडक थंडीच्या पहाटे तिथे बोटीच्या धक्क्यावर, झुडपांवर, मोटारींच्या टपांवर आणि काचांवर पांढरा थर दिसतो. त्याच वेळी गावातल्या वेधशाळेचा तापमापक शून्याच्या बराच वर असतो. मग खोटे कोण बोलते?

कोणीच नाही. तापमापक जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर, जाळीदार पेटीत असतो. गवत आणि मोटारीचा टप उघड्या आकाशाकडे उष्णता फेकत भोवतालच्या हवेपेक्षा थंड होतात, आणि जड थंड हवा तलावाच्या सखल जागी साठते. विल्यम वेल्स या लंडनच्या डॉक्टरने १८१४ च्या दवावरील निबंधात हेच प्रयोगांनी सिद्ध केले होते. निरभ्र, निवांत रात्री गवतावर ठेवलेला तापमापक वरच्या हवेपेक्षा कमी तापमान दाखवतो. ढग आले की फरक मिटतो. अलाहाबादकडे हिवाळ्यात उथळ मातीच्या ताटल्यांत पाणी भरून, त्या गवताच्या थरावर रात्रभर उघड्यावर ठेवून बर्फ केला जाई. रॉबर्ट बार्कर याने १७७५ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. वेल्सने त्या बर्फाचेही स्पष्टीकरण याच तत्त्वाने दिले. वेल्सला जे प्रयोगाने कळले, त्याचा उपयोग आपले कारागीर आधीपासून करत होते.

वेण्णेकाठच्या थराचे जवळून छायाचित्र घेतले, तर आणखी एक गोष्ट कळते. आधी दव पडून मग गोठले असेल, तर गोल, काचेसारखे मणी दिसतात. बाष्प थेट गोठले असेल, तर पांढऱ्या सुया आणि पिसे दिसतात. लांबून दोन्ही पांढरेच. निकटछायाचित्र इथे पुराव्याचे काम करते.

आपल्या शाळेत

२९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात ३.५ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. अशा थंडीत पूर्व विदर्भातील शाळांना वेल्सचा प्रयोग सहज करता येईल. एक तापमापक गवतावर, दुसरा सव्वा मीटरवर ठेवून पहाटे दोन्ही वाचावेत. ढगाळ आणि निरभ्र रात्रींच्या नोंदी वेगळ्या कराव्यात.

खिडकीवरच्या नक्षीसाठी खतांच्या दुकानात मिळणारे मॅग्नेशियम सल्फेट गरम पाण्यात विरघळेल तेवढे विरघळवावे, भांडी घासायच्या द्रवसाबणाचा एक थेंब टाकावा आणि कापसाने काचेवर पातळ लावावे. सुकताना सुया फुटताना दिसतील. मोबाइलपुढे हातभिंग धरून छायाचित्र घ्यावे. शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवावी आणि खाली ‘हे बर्फ नव्हे, मीठ आहे’ असे स्पष्ट लिहावे. हे स्फटिक द्रावणातून आले, दहिवर बाष्पातून येते. आणि छायाचित्रे दाखवताना सुबक चार आणि बेढब चार, दोन्ही फळ्यावर लावावीत.

पावसाळ्यासाठीही बेंटलीने एक प्रयोग ठेवला आहे. १९०४ साली त्याने पावसाच्या थेंबांचे आकार मोजून प्रसिद्ध केले. उथळ थाळीत चाळलेले पीठ पसरायचे, काही सेकंद पावसात धरायची. प्रत्येक थेंबाची पिठात गोळी होते, ती सुकवून मोजायची. धानाच्या या जिल्ह्यात पाऊसही आहे आणि पीठही. बर्फ पाहिला नाही म्हणून गोंदियाच्या मुलाचे फारसे अडत नाही. समोर जे पडते ते मोजावे आणि जसे दिसले तसे लिहावे.