दोन सूर्यांची वीज

बैहरनजीक मलाजखंड येथे तांब्याची मोठी खाण आहे. विजेचे कोणतेही युग येवो, त्याला तांबे लागतेच. ते युग कोणत्या शक्तीचे असावे, हा प्रश्न मात्र जुना आहे.

ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांसंबंधी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. अध्यक्षपदावरून डॉ. होमी भाभा यांनी भाकीत केले की, अणुकेंद्रांच्या मीलनातून निघणारी शक्ती दोन दशकांत माणसाच्या ताब्यात येईल. १९७५ साल उलटले. तसे वीजघर अद्यापि उभे राहिलेले नाही.

यात शास्त्रज्ञांची कसूर नव्हे. दहा कोटी अंशांपर्यंत तापलेला वायू कोणत्याही भांड्यात ठेवता येत नाही. त्याला चुंबकांच्या कुंपणात कोंडावे लागते. गांधीनगरच्या ‘आदित्य’ यंत्राने १९८९ पासून हीच साधना आरंभिली. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये लेसर किरणांच्या २.०५ मेगाज्यूल शक्तीतून ३.१५ मेगाज्यूल निघाली खरी. पण ते किरण निर्माण करण्यास सुमारे ३०० मेगाज्यूल खर्ची पडली होती.

आकाशातील सूर्य तर याच मीलनावर तेवतो. त्याच्या उन्हावर मध्य प्रदेशातच रीवा येथे ७५० मेगावॉटचे केंद्र उभे राहिले व २०२० साली राष्ट्राला अर्पण झाले. पहिल्या वर्षाचा दर ठरला युनिटला २ रुपये ९७ पैसे. रात्रीसाठी विजेची साठवण करावी लागते, ही उणीव उरतेच; परंतु तिच्यावरील उपाय हाती आहेत.

म्हणून मीलनशक्तीचे संशोधन सोडू नये. शेतकरी बियाणे राखतो, तसे ते राखावे. मात्र त्याच्या भरवशावर यंदाची पेरणी अडवून धरू नये.