फ्रिजने चुकवलेले भाकीत

दुसऱ्या महायुद्धानंतरची पंचवीसेक वर्षे अमेरिकेत विजेची मागणी दरवर्षी सुमारे ७ टक्क्यांनी वाढत होती. ७० ला ७ ने भागा, १० येतात; म्हणजे दर दहा वर्षांनी मागणी दुप्पट. भाकीत करण्याची पद्धतही सोपी. मागील वर्षांचे आकडे लॉग-आलेखावर मांडायचे, आलेली सरळ रेषा पट्टीने पुढे वाढवायची आणि ती जिथे पोचेल तेवढी वीजकेंद्रे बांधायला घ्यायची. कॅलिफोर्नियात या रेषेनुसार अनेक नवी अणुवीज केंद्रे लागणार होती.

१९७३ च्या अखेरीस अरब देशांनी तेल रोखले. एन्रिको फर्मींचे विद्यार्थी आणि बर्कलेत मूलकणांवर संशोधन करणारे आर्थर रोझेनफेल्ड त्यानंतर या प्रश्नाकडे वळले. त्यांनी व डेव्हिड गोल्डस्टाइन या विद्यार्थ्याने १९७५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मागणीचा हिशोब दुसऱ्या टोकाकडून मांडला. घरे किती, त्यांपैकी किती घरांत कोणते उपकरण आहे, एक उपकरण वर्षाला किती युनिटे खाते? गुणाकार करायचा आणि बेरीज घ्यायची. गणित प्राथमिक शाळेचेच, पण पट्टीच्या रेषेत न दिसणारी गोष्ट त्यात दिसते: तिसरा आकडा बदलता येतो.

फ्रिजचेच पाहा. १९७४ च्या सुमारास अमेरिकेतला नवा फ्रिज वर्षाला सरासरी १८०० युनिटे घेई. आकार वाढला होता हे खरे. पण उष्णतारोधक थर पातळ होता, मोटार स्वस्तातली होती आणि दाराच्या कडेला दव धरू नये म्हणून चक्क तापणाऱ्या तारा बसवलेल्या असत. (गार ठेवायच्या कपाटात हीटर!) गोल्डस्टाइन यांनी बाजारातल्या फ्रिजच्या किमती आणि वीजवापर ताडून पाहिला, तर दोहोंत काहीही संबंध आढळेना. कमी वीज खाणारा फ्रिज महाग पडतो, हा आक्षेप तिथेच लंगडा पडला. माझ्या मते त्यांच्या कामातला हाच सर्वांत भेदक भाग.

कॅलिफोर्नियाने १९७६ मध्ये फ्रिजच्या वीजवापरावर मर्यादा घातली. देशव्यापी मानके १९९० मध्ये लागू झाली आणि १९९३ व २००१ मध्ये कडक झाली. फ्रिज मोठेच राहिले, पण वापर ५०० युनिटांच्या आसपास उतरला.

वर्गात हा हिशोब जरूर करून घ्यावा. १ कोटी फ्रिजमागे प्रत्येकी १३०० युनिटे वाचली तर १३०० कोटी युनिटे होतात. १००० मेगावॅटचे केंद्र वर्षभर अखंड चालले तरी ८७६ कोटीच देते.

१९७३ नंतर कॅलिफोर्नियात दरडोई वीजवापर कित्येक दशके जवळजवळ स्थिर राहिला, उरलेल्या अमेरिकेत मात्र तो वाढत गेला. याचे सारे श्रेय मानकांना देता येत नाही. सौम्य हवामान, महाग वीज आणि उद्योगांचे बदलते स्वरूप यांचाही त्यात वाटा आहे, आणि कोणाचा किती यावर अभ्यासकांत अजून वाद आहे.