शेतनिवासींसाठी पाणी व स्वच्छता : स्थानिक शासनाचे कर्तव्य (दक्षिण आफ्रिका)

दुसऱ्याच्या मालकीच्या शेतजमिनीवर राहणाऱ्या कुटुंबांना पिण्याचे पाणी, शौचालय आणि कचरा उचलण्याची किमान सोय देण्याची दक्षिण आफ्रिकेतील नगरपालिकांची घटनात्मक व वैधानिक जबाबदारी. ही जबाबदारी रहिवाशाच्या हक्कातून येते; जमीन कोणाच्या नावावर आहे, यावर ती ठरत नाही. पीटरमॅरिट्झबर्ग येथील क्वाझुलू-नाताळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्शेंगू खटल्यात हे तत्त्व निःसंदिग्धपणे मांडले.

शेतनिवासी : यांत दोन मुख्य गट येतात. मालकाच्या संमतीने शेतावर राहणारे मजूर, निवृत्त मजूर व त्यांचे कुटुंबीय हा पहिला गट. त्यांना १९९७ च्या वहिवाट सुरक्षा कायद्याचे संरक्षण आहे. दुसरा गट श्रमकुळांचा. शेतावर राबण्याच्या मोबदल्यात घर, गुरांसाठी चराई आणि कसायला जमिनीचा तुकडा, अशी ही जुनी पद्धत. तिचे नियमन १९९६ च्या श्रमकूळ कायद्याने होते व त्यानुसार श्रमकुळाला २००१ पर्यंत कसत्या जमिनीच्या मालकीचा दावाही करता येत होता.

पार्श्वभूमी : १९१३ च्या ‘नेटिव्ह्ज लँड अ‍ॅक्ट’ने कृष्णवर्णीयांसाठी देशाची सुमारे ७ टक्के जमीन राखून ठेवली; १९३६ मध्ये हे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांपर्यंत वाढवण्याची तरतूद झाली. उरलेल्या भागात त्यांना जमीन घेण्याची जवळपास मुभाच नव्हती. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या एकाच शेतावर राहूनही कुटुंबे मालकाच्या मर्जीवर राहिली. घराप्रमाणेच विहीर, नळ आणि वाटही मालकाची असे. मालकाशी वितुष्ट आले की पाण्यावरही गदा येई. म्हणूनच १९९७ च्या कायद्याने शेतनिवासीचे पाणी, शिक्षण व आरोग्यसेवा तोडण्यास मनाई केली. डिसेंबर २००० च्या स्थानिक निवडणुकांपासून संपूर्ण देश नगरपालिकांच्या हद्दीत आला. दक्षिण आफ्रिकेतील नगरपालिका केवळ शहरापुरती नसते. खेडी, मळे व माळरानेही तिच्या क्षेत्रात मोडतात.

कायद्याची चौकट : १९९६ च्या राज्यघटनेतील कलम २७ पुरेशा पाण्याचा, कलम २४ आरोग्यास अपायकारक नसलेल्या पर्यावरणाचा आणि कलम १० मानवी प्रतिष्ठेचा हक्क देते. पेयजल व घरगुती सांडपाण्याची व्यवस्था हे विषय घटनेने स्थानिक शासनाकडे सोपवले आहेत. १९९७ च्या जलसेवा कायद्याने प्रत्येकाला किमान पाणीपुरवठा व किमान स्वच्छता-सेवा मिळण्याचा हक्क दिला आणि ती पुरविण्याचे काम ‘जलसेवा प्राधिकरणा’चा दर्जा असलेल्या नगरपालिकेवर टाकले. हा दर्जा काही ठिकाणी स्थानिक नगरपालिकेकडे, तर काही ठिकाणी अनेक स्थानिक नगरपालिकांवरील जिल्हा नगरपालिकेकडे असतो.

किमान प्रमाणे : २००१ च्या राष्ट्रीय नियमांनुसार दरडोई दररोज २५ लिटर किंवा दर कुटुंबास दरमहा ६ हजार लिटर पिण्यायोग्य पाणी मिळाले पाहिजे. पाण्याची जागा घरापासून २०० मीटरच्या आत असावी, धार मिनिटाला किमान १० लिटरची असावी आणि वर्षात सातपेक्षा अधिक पूर्ण दिवस पुरवठा खंडित राहू नये. शौचालय सुरक्षित, हवेशीर व स्वच्छ ठेवण्यास सोपे असावे. त्यात आडोसा असावा, ऊनपावसापासून बचाव व्हावा, दुर्गंधी कमीत कमी राहावी आणि माश्यांचा शिरकाव होऊ नये. सोवेटोतील फिरी वस्तीच्या मझिबुको खटल्यात (२००९) रहिवाशांनी दरडोई ५० लिटरची मागणी केली होती. घटनात्मक न्यायालयाने ती फेटाळून ६ हजार लिटर मोफत पाण्याचे जोहान्सबर्गचे धोरण वाजवी ठरवले.

मालकाचे स्थान : रोजगारासारख्या मूळ करारासोबत आनुषंगिकपणे पाणी पुरविण्याचे बंधन ज्याच्यावर येते, त्यास जलसेवा कायदा ‘मध्यस्थ’ म्हणतो. मजुरांना घर व पाणी देणारा शेतमालक या व्याख्येत बसू शकतो. अशा मध्यस्थाने ठरलेली प्रमाणे पाळली पाहिजेत. ती पाळली जातात की नाही, हे पाहण्याचे काम नगरपालिकेचे. मालक पाणी देतो, एवढ्याने नगरपालिकेची जबाबदारी संपत नाही. डॅनियल्स विरुद्ध स्क्रिबांते खटल्यात (२०१७) घटनात्मक न्यायालयाने असे ठरवले की, घर माणसाला साजेसे करण्यासाठी शेतनिवासी मालकाच्या संमतीविनाही आवश्यक सुधारणा करू शकतो. मात्र मालकाशी अर्थपूर्ण विचारविनिमय केला पाहिजे.

म्शेंगू खटला : पीटरमॅरिट्झबर्गच्या परिसरात ऊस व इमारती लाकडाची मोठी लागवड आहे. तेथील श्रमकूळ झबलाझा म्शेंगू आणि १९७९ मध्ये स्थापन झालेली ‘असोसिएशन फॉर रूरल अ‍ॅडव्हान्समेंट’ ही संस्था अर्जदारांमध्ये होती. म्सुंदूझी व उम्श्वाथी या स्थानिक आणि उमगुंगुंडलोवू ही जिल्हा नगरपालिका प्रतिवादी होत्या. खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीविना सेवा कशी द्यायची, ही नगरपालिकांची मुख्य अडचण होती. जुलै २०१९ च्या निकालात न्यायालयाने शेतनिवासी व श्रमकुळांना पाणी, स्वच्छता व कचरा संकलनापासून वंचित ठेवणे घटनाबाह्य ठरवले. सेवा पुरविण्याचा आदेश देताना न्यायालयाने अंमलबजावणीचा अहवालही मागवला. म्हणजे निकालानंतरही देखरेख स्वतःकडे ठेवली. म्शेंगू यांचे २०१८ मध्ये, शंभरी ओलांडल्यानंतर निधन झाले होते. त्यांचा जमिनीचा दावा तोवर निकाली निघाला नव्हता.

अंमलबजावणी : शेतघरे विखुरलेली असल्याने जलवाहिनीचा दरडोई खर्च वाढतो. जेथे ती परवडत नाही तेथे कूपनलिका, टाक्या, टँकर आणि वायुवीजनाची सोय असलेली खड्डा-शौचालये हे पर्याय असतात. निधी मुख्यतः केंद्राच्या समन्यायी वाट्यातून आणि पायाभूत सुविधा अनुदानातून येतो. परंतु कोणत्या शेतावर किती कुटुंबे राहतात याची नोंद नसेल, तर नगरपालिकेच्या विकास आराखड्यात ती येत नाहीत आणि आराखड्यात नसलेल्यांसाठी तरतूदही होत नाही. त्यामुळे शेतनिवासींची मोजणी हीच या कर्तव्याची पहिली पायरी ठरते.