टोपणाने मोजलेलं औषध

2017 च्या जुलै ते ऑक्टोबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेले सुमारे 800 जण दवाखान्यात पोचले. त्यांतले 20 हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. खालचा दिवस त्यांच्यापैकी कोणा एकाचा नाही. त्या हंगामात गावोगावी जो दिवस उजाडत होता, तो इथे तासांत मांडला आहे. मी रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे हा दिवस मला प्रयोगशाळेच्या दारात उभं राहूनच दिसतो.

सकाळी 6

रात्रभर चार्जिंगला लावलेल्या पंपाची बॅटरी भरली आहे. आज या मजुराची दुसऱ्याच्या वावरात रोजीने फवारणी. पोटात फक्त कोरा चहा. उपाशीपोटी फवारू नये असं सांगतात, पण ऊन चढायच्या आत निम्मं वावर उरकायचं असतं.

सकाळी 7

विहिरीजवळ ड्रम भरला जातो. बाटलीवर लाल त्रिकोण आहे, म्हणजे अत्यंत विषारी. खाली मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत सूचना आहेत. पण कृषी केंद्रातून बाटली हातात पडली ती ‘औषध’ म्हणून. आपल्याकडे सगळेच औषध म्हणतात, मीही म्हणत आलो. जे प्यायलं की माणूस मरतो त्याला औषध म्हणायची सवय आपल्या जिभेला कशी लागली, याचं मला फार वाईट वाटतं. नाव औषध असलं की हात आपोआप सैल पडतो.

मोजमाप टोपणाने. एकरी किती ते कोणी तरी तोंडी सांगितलेलं असतं, वर ‘अळी मरत नाही’ म्हणून एक टोपण जास्त. गुलाबी बोंडअळी बीटी कपाशीला दाद देईनाशी झाली होती, त्यामुळे ते जास्तीचं टोपण निव्वळ हावेपोटी पडत नव्हतं. मग दुसरी बाटली, सोबत टॉनिक, सगळं एकाच ड्रममध्ये आणि ढवळायला कोपरापर्यंत उघडा हात.

आमच्या प्रयोगशाळेत अकरावीचं पोरगं पहिल्या दिवशी शिकतं की द्रव मोजपात्रात घ्यायचा, डोळा खुणेच्या रेषेत आणायचा, आणि सांगितल्याशिवाय दोन रसायनं एकत्र करायची नाहीत. तिथे बहुतेक वेळा सौम्य ॲसिड असतं. इथे तीव्र विष आहे, आणि मोजपात्र नाही.

सकाळी 8

त्या वर्षी कपाशीची पऱ्हाटी डोक्याला लागत होती. कमरेएवढ्या पिकावर नळी खाली धरून फवारता येतं. पुरुषभर उंचीच्या पिकात नळी तोंडासमोर धरावी लागते, आणि उडालेला फवारा दाट पानांत कोंडून माणसाच्याच अंगावर बसतो. बॅटरीच्या पंपाचे तुषार हातपंपाहून बारीक. ते हवेत तरंगतात, श्वासाबरोबर आत जातात. प्रयोगशाळेत विषारी वाफेचं काम पंखा असलेल्या बंदिस्त काचेच्या कपाटात करतात. इथे माणूसच त्या कपाटाच्या आत उभा आहे.

सकाळी 9:30

नोझल तुंबतं. पंप थांबतो, फेर अर्धा राहतो. नोझल काढून, ओठांना लावून तो जोरात फुंकतो. कचरा सुटतो. ओठावर कडवट चव येते, ती थुंकून काम पुन्हा सुरू.

पिपेटला तोंड लावायचं नाही, रबरी फुगाच वापरायचा, हे मी दर वर्षी पोरांना ओरडून सांगतो. त्यांतली कितीतरी पोरं रविवारी बापाबरोबर फवारायला जातात. नोझलला तोंड लावू नका, त्याला बारीक तार किंवा जुना टूथब्रश पुरतो, हे मी त्यांना 2017 पर्यंत एकदाही सांगितलं नव्हतं. पुस्तकात पिपेट होतं, नोझल नव्हतं.

सकाळी 11

ऊन आणि दमट हवा. तोंडाला बांधलेला रुमाल घामाने आणि फवाऱ्याने ओला झालेला. ओला रुमाल विष अडवत नाही, नाकाशी धरून ठेवतो. हातमोजे, चष्मा, मास्क, अंगभर कपडा का घातला नाही असं पुढे पुष्कळांनी विचारलं. रोजीने येणाऱ्याला ते घेऊन कोण देणार होतं? आणि विदर्भाच्या त्या उकाड्यात ते चढवून कामाचे चार तास कोण टिकणार होतं?

दुपारी 1

धुऱ्यावर भाकर. हात नुसत्या पाण्याने खळखळवले, साबण घरी. जेवण झाल्यावर खिशातली तंबाखूच्या खर्ऱ्याची पुडी निघते. त्याच बोटांची चिमूट गालात जाते.

दुपारी 3

पंपाचं झाकण नीट बसत नाही. दर पावलाला थोडं पाणी पाठीवर झिरपतं आणि सदरा कण्यापाशी चिकटतो. कातडीतूनही विष रक्तात जातं, घामाने भिजलेल्या कातडीतून तर लवकर. सदरा काढून साबणाने अंग धुतलं तर अजूनही बरंच टळेल. पण चार डब्बे बाकी आहेत.

संध्याकाळी 5:30

डोळे चुरचुरतात, समोरचं धूसर दिसतं. ‘ऊन लागलं,’ तो म्हणतो. घरी येऊन त्याच कपड्यांत खाटेवर आडवा होतो.

मोनोक्रोटोफॉससारखी ऑरगॅनोफॉस्फेट विषं शरीरातलं कोलिनेस्टरेज हे विकर बंद पाडतात. नसांनी स्नायूंना दिलेला संदेश पुसायचं काम या विकराचं. ते बंद पडलं की संदेश चालूच राहतो. घाम, लाळ, उलट्या, स्नायूंची थरथर, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. कातडीतून शिरलेल्या विषाची लक्षणं दिसायला कित्येक तास लागतात, म्हणून माणूस झोपायला जातो.

रात्री 9

उलट्या. गावातले डॉक्टर सलाईन लावतात. घाम थांबत नाही.

रात्री 11:30

तालुक्याहून यवतमाळला हलवतात. वाटेत तोंडातून फेस.

मध्यरात्री 1

वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा अपघात विभाग. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, “कोणतं औषध होतं?”

सगळं या उत्तरावर अडतं. ऑरगॅनोफॉस्फेट असेल तर ॲट्रोपिन हा उतारा आहे, लवकर दिलं तर पॅमही आहे. फिप्रोनिल किंवा डायफेन्थियुरॉन असेल तर त्यांवर उताराच नाही, लक्षणं बघत माणूस तगवायचा. नोव्हेंबरमध्ये सरकारने मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट, डायफेन्थियुरॉन, प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिन आणि फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिड यांच्या विक्रीवर यवतमाळसह पाच जिल्ह्यांत 60 दिवसांची बंदी घातली. तोवर फवारणीचा हंगाम सरत आला होता.

पण ही रात्र त्याआधीची आहे. त्याचा भाऊ सांगतो, “लाल डब्बी होती साहेब, अन् एक पांढरी.” बाटली कोणी आणलेली नाही.

मध्यरात्री 2

गावात फोन जातो. पुतण्या गाडी काढून वावरात पोचतो. मोबाइलच्या उजेडात विहिरीजवळचं गवत पायाने चाळतो. ड्रमच्या बुडाशी तीन बाटल्या सापडतात. एकीचं लेबल पाण्याने सुटून गेलं आहे. तिन्ही उचलून तो पिशवीत टाकतो, तेव्हा एकीतून काही थेंब त्याच्या तळहातावर ओघळतात. तो हात पॅन्टला पुसतो आणि गाडीला किक मारतो.