पाळण्याजवळचा राखणदार

माणसाने माणसाळविलेल्या प्राण्यांत कुत्रा सर्वांत पहिला. गाय, शेळी, घोडा ही मंडळी त्याच्या मागाहून आली. तेव्हा मानवाच्या घरातील पाळण्याशी कुत्र्याचा संबंध फार पुरातन आहे, असे म्हणावयास हरकत नाही. घरातील लाडके जनावर आणि घरातील तान्हे मूल यांना एकमेकांच्या हवाली कितपत करावे, हा प्रश्नही तितकाच जुना असला पाहिजे. या प्रश्नाभोवती गुंफलेली एक कथा भारतातून निघून युरोपच्या पश्चिम टोकापर्यंत पोहोचली. तिचा इतिहास मनोरंजक तर आहेच. परंतु तिच्या पोटात दडलेली एक गोष्ट ऐकणाऱ्यांच्या ध्यानातून वारंवार निसटत आली आहे.

पंचतंत्राच्या ‘अपरीक्षितकारक’ या पाचव्या तंत्रात ही कथा आढळते. तेथे कुत्रा नाही, मुंगूस आहे. देवशर्मा नावाच्या ब्राह्मणाच्या पत्नीला मुलगा झाला. त्याच दिवशी एका मुंगशिणीने पिलू दिले व ती मेली. ब्राह्मणीने त्या पोरक्या पिलाला अंगावर पाजले, तेल लावून मर्दन केले, पोटच्या मुलासारखे वाढविले. तथापि तिने त्याच्यावर पुरता विश्वास कधीच टाकला नाही. जनावराची जात आहे, केव्हा काय करील याचा नेम नाही, अशी धास्ती तिच्या मनात सतत असे. एके दिवशी मुलाला निजवून ती पाण्याला निघाली. मुंगसापासून मुलाला सांभाळा, असे तिने नवऱ्याला बजाविले. ती गेली आणि पाठोपाठ भटजीही घर सुने टाकून भिक्षेला निघून गेले. बिळातून काळा नाग निघाला. मुंगसाने त्याचे तुकडे केले आणि रक्ताळलेल्या तोंडाने ते आनंदाने आईला सामोरे धावले. तिने पाण्याने भरलेला घडा त्याच्या अंगावर टाकला. आत जाऊन पाहते तो मूल सुखरूप झोपलेले व शेजारी सापाचे तुकडे!

हितोपदेशात हीच कथा उज्जयिनीत घडते. तेथे ब्राह्मणाचे नाव माधव, आणि मुंगसाला मारणाराही तोच. माळव्यातील वाचकांना त्यामुळे ती आपल्या अंगणातलीच वाटावी.

इराणचा सम्राट खुस्रो अनुशिरवान याने इ. स. ५३१ ते ५७९ या काळात राज्य केले. त्याच्या अमदानीत पंचतंत्र पहलवी भाषेत गेले. आठव्या शतकात इब्न अल् मुकफ्फा याने त्याचे अरबी रूपांतर केले. ‘कलीला व दिम्ना’ या नावाने ते विख्यात झाले. पुढे हिब्रू व लॅटिन भाषांच्या वाटेने ही कथा युरोपात शिरली. त्या प्रवासात मुंगसाचा कुत्रा झाला. ज्या मुलखात मुंगूस कोणी पाहिले नाही, तेथे पाळण्याशी दुसरे कोण बसणार? या स्थलांतराचा माग थिओडोर बेन्फाय या जर्मन पंडिताने १८५९ साली प्रसिद्ध केलेल्या पंचतंत्राच्या भाषांतरात विस्ताराने काढला आहे.

फ्रान्समध्ये तर या कथेने एका पंथालाच जन्म दिला. एतिएन द बुर्बों हा डोमिनिकन धर्मोपदेशक तेराव्या शतकात लियों शहराच्या परिसरात प्रवचने देत फिरत असे. पापांची कबुली द्यावयास येणाऱ्या अनेक स्त्रिया त्याला सांगत, की आम्ही आजारी मुलांना संत गिनफोरकडे नेले होते. हा कोणी साधुपुरुष असावा, असे त्याला प्रथम वाटले. चौकशीअंती निघाला तो एक शिकारी कुत्रा! एका सरदाराच्या गढीत त्याने सापाशी झुंजून बाळाला वाचविले होते. झटापटीत पाळणा उलथला, रक्त सांडले, आणि सरदाराने तलवारीने त्या कुत्र्यालाच ठार केले. सत्य कळताच त्याला विहिरीत टाकून वर दगड रचण्यात आले व सभोवती झाडे लावण्यात आली. पुढे गढी ओसाड पडली. परंतु खेड्यापाड्यांतील लोक त्या कुत्र्याला हुतात्मा मानून नवस बोलू लागले.

एतिएनने तेथील विधीचे वर्णन लिहून ठेवले आहे. अशक्त, रोगट मूल घेऊन आई तेथे येई. मीठ वाही, मुलाचे कपडे झुडपांवर टांगी, झाडांत खिळे ठोकी. दोन खोडांच्या मधून मुलाला नऊ वेळा पलीकडे देत-घेत. वनातील भुतांनी खरे मूल पळवून त्या जागी हे दुबळे मूल ठेवले आहे, अशी समजूत होती. म्हणून झाडाच्या मुळाशी गवतावर उघडे मूल ठेवून, शेजारी इंचभर लांबीच्या मेणबत्त्या लावून, बायका दूर निघून जात. इतक्या दूर, की मुलाचे रडणे कानी पडू नये. मेणबत्त्या विझल्यावर परत यावयाचे. कित्येक मुले त्या ज्योतींनी भाजून मेली, असे एतिएन नमूद करतो. तेवढ्या वेळात एका मुलाकडे रानातून लांडगा येऊ लागल्याचेही त्याला एका आईने सांगितले होते. कुत्र्याच्या नावाने मुलांचे रक्षण मागणारा हा विधी मुलांना एकटे टाकूनच पुरा होत असे!

एतिएनने कुत्र्याची हाडे उकरून काढविली व झाडांसह ती जाळविली. परंतु त्या रानाची आठवण एकोणिसाव्या शतकातही टिकून असल्याचे स्थानिक संशोधकांना आढळले. १९७९ साली झाँ-क्लोद श्मित या इतिहासकाराने या पंथावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

वेल्समधील बेथगेलर्ट या गावी हीच कथा लुएलिन या राजाच्या नावावर सांगतात. तेथे सापाच्या जागी लांडगा आहे व कुत्र्याचे नाव गेलर्ट. त्याची समाधी पाहावयास आजही प्रवासी जातात. वस्तुतः ती समाधी अठराव्या शतकाच्या अखेरीस गावातील एका खाणावळीच्या मालकाने गिऱ्हाइके वाढावीत म्हणून रचली, असे सांगतात. कथा उसनी, समाधी बनावट. पण तेथे उभ्या राहणाऱ्या माणसाच्या डोळ्यांतील पाणी मात्र खरे असते.

या सर्व कथांचा बोध एकच सांगितला जातो : अविचाराने हात उगारू नये. तो योग्यच आहे. परंतु त्याच्याही आधीची चूक निराळी आहे. प्रत्येक कथेत अनर्थाच्या क्षणी खोलीत मोठे माणूस नसते. जनावर आणि तान्हे मूल दोघेच असतात. तेथे काय घडले हे सांगावयास साक्षीदार कोणी नसतो. एकाला बोलता येत नाही व दुसऱ्याला बोलता यावयाचे असते.

आजचे पशुवैद्य व बालरोगतज्ज्ञ जे सांगतात, ते त्या ब्राह्मणीच्या सावधगिरीशी जुळते. लहान मुलांना होणारे श्वानदंश पुष्कळदा अनोळखी कुत्र्याचे नसून घरच्या वा ओळखीच्या कुत्र्याचे असतात; आणि मूल जितके लहान तितका चेहरा, डोके व मान यांना धोका अधिक. याचा अर्थ कुत्रा दुष्ट असतो असा नव्हे. मायेने धाव घेणारा कुत्राही पंजाने मुलाला ओरबाडू शकतो. रांगते मूल त्याचा कान ओढते, जेवणाच्या ताटलीकडे जाते, झोपेत त्याच्यावर पडते. त्रासलेला कुत्रा प्रथम मान वळवितो, ओठ चाटतो, जांभई देतो, अंग ताठ करतो, मग गुरगुरतो. गुरगुरण्याबद्दल त्याला मारणे हा शहाणपणा नव्हे. तसे केल्यास पुढच्या वेळी तो सूचना न देताच चावण्याचा संभव असतो.

म्हणून बाळ येण्यापूर्वी काही महिने कुत्र्याच्या नित्यक्रमात लागणारे फेरफार हळूहळू करावेत. बाळाच्या दुपट्याचा वास त्याला आधी घेऊ द्यावा. पहिली भेट साखळी लावून, शांतपणे घडवावी. मुलाचा हात पोहोचणार नाही अशी एक जागा कुत्र्यासाठी राखावी. रेबीजची लस नेमाने टोचून घ्यावी. दंत वा नख लागलेच तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आणि कुत्रा कितीही गुणी असला तरी मोठे माणूस खोलीबाहेर पडताना दोघांपैकी एकाला बरोबर न्यावे.

पंचतंत्रातील ब्राह्मण भिक्षेचे धान्य घेऊन घरी परतला, तेव्हा पत्नीने त्याला फार कडक शब्दांत विचारले, की सांगून गेले असता घर सोडून का गेलात? आपल्या हातून घडलेल्या हत्येचा शोक करीत असतानाही मूळ चूक कोठे झाली, हे तिला नेमके ठाऊक होते.