‘तूफानी टारझन’ (१९३७) : एका जंगलपटाचे रूपांतर आणि त्याच्या संग्रहाचे ऐतिहासिक मूल्य

प्रस्तावना :
भारतीय चित्रपटाच्या इतिहासलेखनात पौराणिक व सामाजिक चित्रपटांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे साहसपटांना मिळाले नाही. मुंबईच्या वाडिया मूव्हीटोनने १९३७ मध्ये निर्माण केलेला ‘तूफानी टारझन’ हा अशा उपेक्षित चित्रपटांपैकी एक होय. त्याच्या रूपांतराचे स्वरूप आणि संबंधित साधनांच्या जतनाचे महत्त्व तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

रूपांतराचे स्वरूप :
एडगर राइस बरोज यांची टारझनकथा १९१२ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. जॉनी वाइसमुलर यांच्या १९३२ च्या हॉलिवूडपटाने ती अधिक लोकप्रिय केली. होमी वाडिया दिग्दर्शित हिंदी चित्रपटात जॉन कावस नायक, तर गुलशन नायिका होत्या. मूळ कथेतील इंग्रज उमरावाचा मुलगा येथे शास्त्रज्ञाचा पुत्र झाला. अमरत्वाच्या औषधाचे सूत्र पित्याने त्याच्या गळ्यातील ताइतात ठेवले; पिता मरण पावला व माता भ्रमिष्ट झाली. ओळख पटविणारा ताईत आणि मायलेकरांची ताटातूट या गोष्टी येथील प्रेक्षकांच्या परिचयाच्या होत्या. त्यामुळे जंगल परके राहिले, तरी कथा घरची झाली. मात्र बोमन श्रॉफ यांनी काळा रंग फासून साकारलेल्या ‘दादा’ या सेवकाच्या चित्रणात पाश्चात्त्य वर्णग्रहही उतरला. परकीय सत्तेखालील समाजाने तो निमूटपणे स्वीकारावा, ही बाब अभ्यासकांनी दुर्लक्षू नये.

पुढे होमी वाडिया यांनी १९५८ मध्ये ‘झिम्बो’ काढला. त्याच्या १९६० मधील पुढील भागाचे दिग्दर्शन जॉन कावस यांनीच केले. यावरून या परंपरेचे सातत्य दिसते.

साधने व संग्रह :
त्या काळची नायट्रेट फिल्म ज्वालाग्राही व नाशवंत होती. शिवाय चांदी मिळविण्यासाठी जुन्या प्रती नष्ट केल्या जात. ‘आलम आरा’ (१९३१) सारख्या पहिल्या बोलपटाचीही प्रत आज उपलब्ध नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ मध्ये. अशा स्थितीत भित्तिपत्रके, छायाचित्रे आणि चित्रपटगृहात विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिका हीच अनेकदा मुख्य साधने ठरतात. पुस्तिकेतून कथासार, गीते व कलावंतांची नावे कळतात. भित्तिपत्रक मात्र जपून वापरावे लागते. ते पुनःप्रदर्शनाच्या वेळी छापलेले असू शकते आणि त्यातील दृश्य चित्रपटात असेलच असे नाही. निर्मात्याला प्रेक्षकांपुढे काय मांडायचे होते, याचा मात्र तो विश्वसनीय पुरावा होय.

निष्कर्ष :
‘तूफानी टारझन’ला केवळ नक्कल म्हणून बाजूस सारणे योग्य नाही. परकी कथा कोणत्या बदलांसह आणि कोणत्या पूर्वग्रहांसह आपलीशी केली गेली, हे त्यातून कळते. म्हणून संग्राहकांनी रद्दीतून वाचविलेल्या कागदांची नोंद त्यांच्या प्राप्तिस्थानासह होणे अगत्याचे आहे. अन्यथा संग्रह टिकेल, पण इतिहास हरवेल.